जिन्यावरच्या बाईची साक्ष

लपवाछपवीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या अ‍ॅरिझोनात सापडणार नाही! बढाई नाही ही, अनुभव आहे. गेली कित्येक वर्षं मी, मर्विन पेन्गली, मासे धरायची एक नायलॉनची दोरी आणि एक खोकणारं खोकं यांच्या जोरावर भुताचं हॉटेल चालवतोय. आजवर एकाही पाहुण्याला संशय आलेला नाही. तेव्हा आमच्या वकीलबाई बोट नाचवत म्हणाल्या, "काही म्हणजे काही लपवायचं नाही हं!" आणि मी मनातल्या मनात हसलो. म्हटलं, बाई, तुम्ही लहान आहात अजून.

आमचं रेड गल्च म्हणजे तांब्याच्या खाणीचं गाव. खाण कधीच बंद पडली. डोंगराला चिकटलेली घरं आणि ती चढायला जिने, एवढंच काय ते उरलं. माझे आजोबा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून या खाणीत आले. त्या वेळच्या मंडळींचा टॉमीनॉकरवर गाढ विश्वास. म्हणजे खाणीतली भुतं हो! छत कोसळायच्या आधी ती आतून दगडावर ठकठक करतात. कुणाला विचारावं लागत नाही, आपणहून सांगतात. ऐकेल तो वाचेल. म्हणून आजोबा पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, खाताना कडेचा तुकडा त्यांच्यासाठी टाकून द्यायचे. मी पेस्टी कडेसकट खातो. कडच तर कुरकुरीत लागते!

मला भूत हवं होतं ते फक्त धंद्यापुरतं. जिन्याच्या वळणावर एक डुलती खुर्ची ठेवली. तिच्या पायाला दोरी बांधून ती जमिनीतल्या भोकातून खाली स्वयंपाकघरात आणली. भिंतीआड सेलवर चालणारं खोकं बसवलं, त्यात माझ्या बायकोचा, लोरेटाचा खोकला भरला. पाहुणा जिना चढू लागला की मी खालून दोरी ओढायची. रिकामी खुर्ची डुलायची, भिंत खोकायची, पाहुणा किंचाळायचा आणि खूश होऊन पुढच्या वर्षीची खोली राखून जायचा! भुताला मी नावसुद्धा दिलं नव्हतं. नुसती 'राखाडी बाई'.

आणि या फेब्रुवारीत आले गॉर्डन लिंडक्विस्ट. मिनेसोटाचे निवृत्त दंतवैद्य. हिवाळा सोसवेना की तिकडचे पेन्शनर थव्याथव्यानं आमच्याकडे उतरतात, त्यातलेच एक. दुपारची वेळ. लोरेटा टूसॉनला बहिणीकडे गेलेली. मी दोरी ओढली. वर कोणीतरी बोलल्यासारखं वाटलं. लिंडक्विस्ट म्हणाले, "थँक्यू, मॅडम." मी चमकलो, कारण घरात मॅडम कोणीच नव्हती! आणि लगेच धडाडधूम! लिंडक्विस्ट गडगडत खाली. खुबा मोडला.

एप्रिलमध्ये त्यांनी दावा ठोकला. विमा कंपनीनं आमचा जिना बघून आदल्याच वर्षी हात झटकले होते. म्हणजे हरलो तर हॉटेल जाणार, आणि आम्ही राहतो हॉटेलातच. लोरेटा त्या दिवसापासून नीट जेवली नाही. मला काही कळत नव्हतं असं नाही.

वकीलबाई ग्रासिएला इबारा. बोलतात गोड, पण चष्म्यावरून बघतात तेव्हा शाळेतल्या बाई आठवतात.

"आपलं उत्तर कोर्टात गेलंय," त्या म्हणाल्या. "आता दोन्ही बाजूंनी आपापल्याकडचा सगळा पुरावा एकमेकांना द्यायचा. सुरुवातीलाच."

"मागितला की देऊ की."

"मागत नाही कोणी. न मागता द्यायचा."

"आपल्या फायद्याचा?"

"तोट्याचा आधी!"

"अहो, म्हणजे मीच माझ्या गळ्यात दोर अडकवायचा आणि टोक त्यांच्या हातात द्यायचं?"

"दोर असेल तर तोही द्यायचा."

मला ठसका लागला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"पेन्गली, नीट ऐका. ज्याला ज्याला या प्रकाराबद्दल काही माहीत असेल त्या प्रत्येकाचं नाव, प्रत्येक वस्तू, प्रत्येक फोटो. सही शपथेवर. लपवलेलं नंतर सापडलं तर न्यायाधीश तुमचं खरंही ऐकणार नाहीत. आणि दावा मिटेपर्यंत नवीन काही कळलं की तेही कळवायचं."

घरी येताना मी बेत पक्का केला. द्यायचं! इतकं द्यायचं की लिंडक्विस्टच्या वकिलाचा त्या ढिगात जीव गुदमरला पाहिजे. दोरी देऊ, खोकं देऊ, तीस वर्षांच्या पावत्या देऊ, जिन्याच्या रंगाचे डबे देऊ. फक्त एक खिळा नाही द्यायचा.

त्या खिळ्याचं असं झालं. वळणावरच्या पायरीचा मोठा खिळा जानेवारीत निघून आला. मी तो उचलला, स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्यात खुपसला, वर गालिचा सारखा केला आणि म्हटलं, सवड झाली की ठोकू. हे मी कोणाला सांगितलं नाही. लोरेटालाही नाही. तिला तो सापडणारही नव्हता, कारण तिला मधुमेह आहे आणि ती त्या डब्याला हात लावत नाही. आहे की नाही डोकं?

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरावे गोळा करायला बसलो. म्हटलं, दोरीपासून सुरुवात करू. खालून टोक धरलं आणि ओढलं. दोरी सरसर माझ्या हातात आली. सगळीच्या सगळी! दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. उंदरांनी ती कधीच कुरतडली होती. कुरतडलेल्या टोकावर धूळ होती, आणि धुळीवर कोळ्याचं जुनं जाळं.

मी वर गेलो. खुर्चीच्या पायाशी दोरीची गाठ तेवढी होती, तीही वाळून कडक झालेली. भिंतीआडचं खोकं काढलं. सेल फुटून आतून हिरवे झाले होते. ते खोकं या वर्षी तर सोडाच, गेल्या वर्षीही खोकलं नसणार.

पण गेल्याच आठवड्यात मी दोरी ओढली होती आणि टेक्ससच्या दोन म्हाताऱ्या किंचाळत खाली आल्या होत्या! मग मी इतके दिवस नेमकं काय ओढत होतो?

खुर्ची माझ्यासमोर होती. बाहेर वाऱ्याचा पत्ता नव्हता, खिडक्या बंद. आणि खुर्ची हळूच मागे गेली. पुढे आली. पुन्हा मागे गेली. कोणीतरी निवांत बसून कोणाची तरी वाट बघावी, तशी.

"लोरेटा!" मी ओरडलो. निदान ओरडायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसती हवा गेली.

लोरेटा खालूनच म्हणाली, "काय रे? खोकतोयस का?"

मी खोकत नव्हतो.

त्यानंतर मी वर जायचंच बंद केलं. इबारा बाईंना पाठवायची नावं मी स्वयंपाकघरात, दाराकडे तोंड करून लिहिली. ढीग मोठा करायचा म्हणून पोस्टमन घातला, गवंडी घातला, टेक्ससच्या म्हाताऱ्या घातल्या. आणि मग म्हटलं, तिलाही घालू! वर बसते ना फुकट? येऊ दे कामाला. पण 'राखाडी बाई' हे काही नाव झालं नाही. म्हणून जे पहिलं सुचलं ते लिहिलं: टॅमसिन रो. कॉर्नवॉलकडचं नाव. आमच्या घराण्यात नाही, गावात नाही, मी ते त्या क्षणाआधी उच्चारलंही नव्हतं.

इबारा बाईंनी फोनवर विचारलं, "ही टॅमसिन कोण?"

"घरातलीच, जुनी बाई आहे."

"नोकर?"

"तसंच काहीसं. पगार घेत नाही."

"त्या दिवशी जिन्यात होती?"

"असावी," मी म्हणालो. यात खोटं काय होतं, तुम्हीच सांगा!

ठरलेल्या सकाळी दोन्हीकडची पाकिटं सुटायची होती. दहाच्या सुमाराला इबारा बाईंचा फोन.

"पेन्गली, तुमची टॅमसिन रो फितूर झाली हो!"

"काय?"

"लिंडक्विस्टच्या साक्षीदारांत पहिलं नाव तिचंच आहे."

मला हसू आलं. "आपल्या कागदावरून उचललं असणार, लबाड लेकाचे!"

"आपला कागद अजून माझ्या टेबलावर पडलाय," बाई म्हणाल्या. "त्यांचं पाकीट आधी आलं."

लोरेटा समोर कॉफी ओतत होती, तिनं हात थांबवला आणि फोनचा आवाज मोठा केला. बाई वाचू लागल्या. लिंडक्विस्टचं म्हणणं असं: वळणावरच्या खुर्चीत एक बाई बसली होती. राखाडी झगा, तोंडाला रुमाल, खोकत होती. ती म्हणाली, मी टॅमसिन रो, इथलीच. पायरी सांभाळा, खिळा निघालाय. खिळा पेन्गलीच्या साखरेच्या डब्यात आहे. मी खुर्ची हलवून हलवून रोज सांगते, खोकून सांगते, पण त्याला वाटतं तोच दोरी ओढतोय. लिंडक्विस्ट तिचे आभार मानायला मागे वळले, आणि पाय नेमका त्याच पायरीवर पडला.

बाईंनी विचारलं, "पेन्गली, खिळा आहे का?"

"कसला खिळा?" मी म्हणालो. माझा आवाज टॅमसिनपेक्षा बारीक आला.

लोरेटा उठली, फळीवरचा साखरेचा डबा काढला आणि टेबलावर पालथा केला. साखरेत खिळा. बोटाएवढा!

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थांबत नाही, मर्विन," ती म्हणाली. आणि मग रडायलाच लागली. "अरे, त्या पायरीवरून मी रोज चादरींचा गठ्ठा घेऊन उतरते!"

तोवर मला टॅमसिनचाच राग आला होता. इतकी वर्षं हिला खुर्ची दिली, नाव दिलं, हिच्या नावावर भिंतीच्या रंगाचा खर्च काढला, आणि ही खाल्ल्या घरचे वासे मोजणार? पण लोरेटाचं ते वाक्य ऐकलं आणि राग कुठल्या कुठे गेला. त्या पायरीवर लोरेटा पडलेली मला दिसली. चादरींसकट.

"बाई," मी फोनमध्ये म्हणालो, "खिळा आहे. मीच ठेवला. मला माहीत होतं. लिहा."

"आपलं पाकीट अजून इथंच आहे, हे तुमचं नशीब," इबारा बाई म्हणाल्या. "खिळा घेऊन या. साखर झटकून!"

सगळं दिलं. खिळा, कुरतडलेली दोरी, मेलेलं खोकं. भुताचं बिंग माझ्याच सहीनं फुटलं. लिंडक्विस्टच्या वकिलाला ढिगात गुदमरवायचं राहिलंच, उलट तो बिचारा तीन पत्रांत टॅमसिनचा पत्ता विचारून थकला. शेवटी जबान्या घ्यायच्या दिवशी लिंडक्विस्ट स्वतः काठी टेकत हॉटेलवर आले. म्हणाले, आधी टॅमसिनला भेटतो, तेव्हा आभार नीट मानता आले नव्हते.

"डॉक्टर," मी मान खाली घालून म्हणालो, "अशी कोणी बाई नाही. नाव मी मनानं रचलं."

"तुम्ही?" ते म्हणाले. "मला तर तिनं स्वतः सांगितलं. रो. शेवटी डब्ल्यू."

माझ्या कागदावरही डब्ल्यूच होता.

म्हातारा बराच वेळ जिन्यात खुर्चीशेजारी उभा राहिला. आम्ही खालूनच बघत होतो. त्यांचं काहीतरी बोलणं चालू होतं. खाली येऊन वकिलाला म्हणाले, "या माणसानं न विचारता खिळा दिला. आणि मीही चालता चालता मागे बघत होतो. घर नको मला." दवाखान्याचा खर्च आम्ही हप्त्यानं द्यायचा आणि दर हिवाळ्यात वळणाजवळची खोली त्यांना, असं ठरलं. लोरेटा त्या दिवशी पोटभर जेवली. मी पेस्टीची कड गुपचूप खुर्चीवर ठेवून आलो. सकाळी ती तिथं नव्हती. उंदीर असतील म्हणा.

कोर्टात तडजोडीचे कागद पोचायला अजून अवकाश आहे, म्हणजे दावा अजून उभाच आहे. आणि आज दुपारी मी स्वयंपाकघरात एकटा असताना भिंत खोकली. खोकं इबारा बाईंच्या कपाटात, टूसॉनमध्ये!

मी ताबडतोब फोन लावला. "बाई, नवीन काही कळलं तर तेही कळवायचं, असं म्हणाला होतात ना?"

"हो. काय झालं?"

"टॅमसिन खोकली. आणि काहीतरी बोललीसुद्धा."

बाई सावकाश म्हणाल्या, "काय बोलली?"

आता कसं सांगणार? मागच्या दाराची पायरी आज सकाळीच माझ्या पायाखाली हलली होती. तिथं कोणी नव्हतं, आणि मी ते अजून कोणालाही सांगितलेलं नाही.

"बाई, मी नंतर फोन करतो," मी म्हणालो. "हातोडा शोधतोय."