एक घर, एक मत

निवडणूक अण्णांच्या हातात दिली, की ती जिंकलीच म्हणून समजावी! हे अर्थात अण्णांचं स्वतःचंच मत, आणि डब्लिन विमानतळावर बॅगा यायच्या आधीच ते त्यांनी मुलाला, वरुणला, ऐकवलं होतं.

कोथरूडच्या सोसायटीत दत्तात्रय ऊर्फ अण्णा वर्षानुवर्षं सेक्रेटरी. नुसत्या पाण्याच्या टाकीवरून त्यांनी दोन चेअरमन घरी बसवले होते! त्यामुळे नातीच्या, अबोलीच्या, शाळेच्या व्यवस्थापन मंडळावर पालकांमधून एक आई निवडायचीय आणि सून गिरिजा उभी आहे, हे कळताच त्यांच्या गुडघेदुखीनं देश सोडला.

"गिरिजा, मतदार कोण कोण?"

"शाळेतल्या मुलांचे आईबाबा."

"घरपट्टीची पावती दाखवायची?"

"नाही हो, अण्णा!"

"शाई लावतात?"

"प्राथमिक शाळा आहे ती! कागदावर खूण करायची नि खोक्यात टाकायची."

"आणि भाडेकरू?"

"त्यांनाही मत आहे की."

"भाडेकरूंना मत?" अण्णा थक्क झाले. हा देश पुढे का गेला, ते त्यांना आत्ता कळलं.

गिरिजाला ही निवडणूक मनापासून हवी होती. पुण्यात प्रयोगशाळेत तिचा शब्द चालायचा. वरुणच्या नोकरीपायी डब्लिनच्या क्लोनडॉकिन भागात आल्यापासून शाळेनं तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, समोसे! केक विक्रीला समोसे, नाताळला समोसे.

"एकदा तरी कुणी विचारावं हो," ती म्हणाली, "की गिरिजा, तुला काय वाटतं?"

अण्णांना ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी छत्री घेऊन ते प्रचाराला निघाले. शाळेत मराठी घरं बरीच, आणि घरटी कुणाचे ना कुणाचे आईवडील मुक्कामाला आलेले. "चहा नको" म्हणत प्रत्येक घरी चहा घेऊन अण्णा समजावत, "सगळ्यांनी धावायची गरज नाही. एक घर, एक मत!"

"पण मत आईबापांचं ना?" विजयालक्ष्मीबाईंनी शंका काढली. नातवाला शाळेत सोडायचं काम त्यांच्याकडे होतं.

"त्यांच्या वतीनं तुम्ही जायचं! पोरं दिवसभर राबतात बिचारी. तिकडे सोसायटीच्या सभेला मुलाच्या फ्लॅटचं मत कोण देतं? आपणच ना?"

"नियम नक्की असाच आहे?"

"बाई, निवडणुकीचे नियम मला वाचावे लागत नाहीत!"

विजयालक्ष्मीबाईंना हे इतकं पटलं, की त्यांनी ते शाळेच्या फाटकाशी आयरिश आज्यांनाही सांगितलं. त्यांना तर फारच पटलं! नातवंडं भिजत आणायची आम्ही, आणि मत देणार दुसरंच कुणी?

मतदानाच्या संध्याकाळी गिरिजा आधीच शाळेत गेली होती. वरुण कामावरून आला आणि दारातूनच म्हणाला, "चला अण्णा, मत देऊन येऊ."

"तू बस रे. अबोलीला जेवायला वाढ. तुझं मत मी देतो."

"असं चालतं?"

"तू कारखान्यात औषधं बनवतोस, तेव्हा मी मध्ये बोलतो का?"

वरुण बसला.

शाळेचा हॉल तुडुंब भरला होता. कानटोप्या, काठ्या, शाली! हाडांच्या डॉक्टरांनी फुकट तपासणी ठेवल्यासारखी गर्दी! मतपेटीपाशी बसलेले क्विन मास्तर ती रांग बघून उभेच राहिले.

"आपण कुणाचे पालक?"

"अबोलीचे आजोबा!" अण्णांनी छाती पुढे काढली.

"ग्रँड! छानच! या, चहा घ्या. पण मत नाही देता यायचं. ते फक्त आईला आणि बाबांना. दोघांना वेगवेगळं."

"एका घरात दोन मतं?"

"दोन."

अण्णांच्या पायाखालची फरशी सरकली. म्हणजे दारोदार फिरून त्यांनी सुनेची दोन-दोन मतं घरी बसवली होती! मागे पाहिलं, तर त्यांची अख्खी मतपेढी बिस्किटांच्या टेबलाकडे निघाली होती.

त्यांनी घाईघाईनं वरुणला फोन लावला. उचलला अबोलीनं.

"डॅड्स इन द शॉवर, आजोबा!"

वरुण अबोलीला घेऊन ओल्या केसांनी धापा टाकत पोचला, तोवर पेटी उघडली होती. दुसरी उमेदवार शिनेड एका मतानं निवडून आली. एका!

घरी परतताना वरुण अबोलीला घेऊन पुढे चालत होता. मागून अण्णा, मान खाली.

"गिरिजा, त्याला मीच बसवलं घरी. तुझं मत माझ्यामुळे गेलं गं."

गिरिजा कोपऱ्यावर थांबली.

"तुमच्यामुळे नाही, अण्णा."

"मग?"

"कागद हातात घेतला. वर माझं नाव, खाली शिनेडचं. ती शेजारीच उभी, हसत. स्वतःच स्वतःला मत द्यायचं म्हणजे... कसंतरीच वाटलं हो."

"म्हणून?"

"तिला दिलं."

अण्णा पावसात तसेच उभे राहिले. एवढ्या निवडणुका केल्या, पण असा उमेदवार त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी छत्री तिच्या डोक्यावर धरली.

"पोरी," ते म्हणाले, "अख्खं क्लोनडॉकिन पालथं घातलं, पण तुझं मत मागायला यायचं तेवढं राहिलंच बघ!"