बाजारातल्या बायकांची सोय

"यंदाच्या अंदाजपत्रकात बाजारातल्या बायकांचं काम मंजूर करून आणलं नाही, तर मशीनला हात लावणार नाही!" टेलरबाईंनी भर दुकानात जाहीर केलं. समोरची गिऱ्हाईक बाई दचकून म्हणाली, "अहो, माझा कोट तेवढा आधी द्या हं!"

टेलरबाई नगरपालिकेत नुकत्याच निवडून आल्या होत्या. एवढ्या सदस्यांत बाई म्हणून त्या एकट्याच. त्यांचं दुकान ऐन बाजारात. बाजारात पुरुषांसाठी मुतारी होती, बायकांसाठी नव्हती. शेजारची भाजीवाली मावशी दिवसभर पाण्याचा घोट घेत नसे. घेतला तर मग जायचं कुठे? शेवटी मूतखड्याने ती दवाखान्यात आडवी झाली आणि टेलरबाईंनी कंबर कसली.

घरी सासूबाईंनी बजावलं, "काम कर, पण तो शब्द सभेत काढायचा नाही! घराण्याची अब्रू आहे!"

"मग स्वच्छतागृह म्हणते."

"तेही नको. हल्ली सगळ्यांना कळतं त्याचा अर्थ."

"अहो आई, कळायलाच हवा ना!"

"'सोय' म्हणायचं. शहाण्याला शब्दाचा मार!"

पण त्या सभागृहात शहाणे कितीसे असतील, याचा विचार दोघींनीही केला नव्हता. सुनेची जीभ घसरू नये म्हणून सासूबाई स्वतः प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसल्या.

रस्ते, दिवे, कचरागाड्या असं सगळं वाटून झालं आणि एकाच कामापुरते पैसे उरले. त्यावर औषधवाल्यांचा डोळा होता. औषधाचं दुकान चालवणारे हे जुने सदस्य चौकात रंगीत दिव्यांचं कारंजं उभारायला आसुसले होते. मंजुरी खिशातच आहे अशा थाटात त्यांनी सगळ्यांना थंडगार सरबत पाजलं, सज्जातसुद्धा! स्वतः तर ग्लासावर ग्लास रिचवले.

टेलरबाई उठल्या. "बाजारात बायकांची सोय झाली पाहिजे!"

"वा! वा!" सगळ्यांनी बाकं बडवली.

"बरोबर आहे," सदस्य असलेले कंत्राटदार म्हणाले. "दमतात बिचाऱ्या. कारंज्याभोवती बाकं टाकू!"

"बसायची सोय नाही म्हणत मी."

"मग उभं राहायची?" कमी ऐकू येणाऱ्या मास्तरांनी कानाला हात लावून विचारलं.

"बसायचीच हो, पण तशी नाही! जरा आडोशाची..."

"ऊन लागतं, खरंय. छप्परही टाकू!"

"आणि पाण्याची..."

"कारंज्यात पाणीच पाणी!" औषधवाले टाळी पिटून ओरडले.

अध्यक्षांनी समारोप केला, "म्हणजे कारंजं, बाकं, छप्पर. झाली बायकांची सोय! मंजूर?"

हात वर जाऊ लागले. टेलरबाईंनी सज्जाकडे पाहिलं. सासूबाई ओठांवर बोट ठेवून बसल्या होत्या. पण टेलरबाईंच्या डोळ्यांसमोर मावशीचा दवाखान्यातला सुकलेला चेहरा आला आणि अब्रूबिब्रू सगळं विरघळलं.

"मुतारी!" त्या ओरडल्या. "बायकांसाठी मुतारी!"

दिवसभर नुसता खरखरणारा माईक नेमका त्याच क्षणी ठणठणीत बरा झाला. खिडकीतली कबुतरं उडाली. सासूबाईंनी तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं, तेही उलटं!

"असले शब्द? सभागृहात?" औषधवाले तडकले. "गावाची शोभा महत्त्वाची! बायकांना जरा थांबता येत नाही?"

"जरा थांबायचं?" टेलरबाईंनी खुर्ची मागे सरकवली. "चर्चेच्या वेळी सदस्य बोलत असताना कुणी जागा सोडायची नाही, सज्जातसुद्धा, हा नियम कुणाचा?"

"माझा!" औषधवाल्यांनी छाती फुगवली.

"छान. मग ऐका. मी आता बोलणार आहे."

आणि त्या बोलल्या! कुठल्या टपरीवर कोण बसते, कुठली बाई किती वाजता घर सोडते, कोण कुणाच्या घराचं दार ठोठावते आणि काय ऐकून परत येते, सगळं बोलल्या. सरबत हळूहळू आपलं काम करू लागलं. कंत्राटदारांनी पायावर पाय टाकला, मग त्यावर पुन्हा पाय टाकता येतो का ते पाहिलं. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. बाहेर कुठेतरी नळ गळत होता. टप. टप. टप.

"संपलं का?" अध्यक्षांनी कळवळून विचारलं.

"प्रस्तावना संपली."

आता खरी गोष्ट अशी, की सरबत टेलरबाईही प्यायल्या होत्या! कपाळावर घाम डवरला, पायाचा अंगठा जमिनीत रुतवावासा वाटू लागला. पण मावशी रोज अशीच बसते, असं मनाला बजावत त्यांनी दात आवळले आणि भाषणाचा मोर्चा मासळीबाजाराकडे वळवला.

तेवढ्यात सज्जातून आवाज फुटला. "अहो, करा ना ती मुतारी मंजूर! माणसं आहात की दगड?"

कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, लालबुंद चेहऱ्याने सासूबाई उभ्या होत्या!

"मंजूर!" औषधवाल्यांनी दोन्ही हात वर केले. "कारंजं रद्द! मंजूर!"

सभा संपली म्हणायलाही कुणी थांबलं नाही. सगळे व्हरांड्याच्या टोकाला पळत सुटले, कारण अख्ख्या इमारतीत 'सोयी'चं दार होतं तेवढं एकच. पण तिथे सासूबाई आधीच हात पसरून उभ्या होत्या. "आधी बायका!" मग सासू-सुना सावकाश, एकामागून एक आत गेल्या. जरा थांबणं म्हणजे काय, ते औषधवाल्यांना त्या व्हरांड्यात नीट समजलं.

काम झालं, तेही झटपट. मावशी आता तांब्याभर पाणी शेजारी घेऊन भाजी विकते. फक्त उद्घाटनाच्या वेळी औषधवाल्यांनी अतिशय गोड आवाजात सुचवलं, "ज्यांनी एवढे कष्ट घेतले, त्यांचंच नाव या वास्तूला देऊ या!" ठराव एकमताने पास झाला. टेलरबाईंना 'नको' म्हणायला सवडही मिळाली नाही.

परवाच एक बाई घाईघाईने दुकानात शिरली.

"टेलरबाई कुठे आहेत हो?"

"मीच! बोला, काय शिवायचंय?"

"तुम्ही नाही हो!" ती पायावर पाय आवळत म्हणाली. "त्या दुसऱ्या!"

टेलरबाईंनी मान खाली घालून सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, "दुकानाच्या मागे. डावीकडे."