गाऱ्हाणं, व्हाया दुबई

आमच्या वाडीतून कुणी विमानानं परदेशी निघालं, की बाबीकाका त्याला आधी देवळात नेतात आणि विमान कुठून कसं जाणार, ते देवाला समजावून सांगतात. तिकीट हातात घेऊन!

आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकानं मोठ्यानं मागणं मागायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. हा मान बाबीकाकांचा. आयुष्य होडीवर गेलेलं, त्यामुळे आवाज असा की देवळातलं मांजरसुद्धा दचकून उठतं.

“काका, देवाला रस्ता कशाला सांगायचा?” मी एकदा विचारलं.

“अरे, देव आपलो गावचो. तो कधी टोरंटोक गेलो हा? बारा हजार किलोमीटर तरी आसा ता!”

माझा भाचा प्रमोद टोरंटोला निघाला, तेव्हा काकांनी दणक्यात गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा! हो तुजो झील मुंबैसून दुबैक उतारतलो, थंय तीन तास बसतलो. सामानावर नजर ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

प्रमोदची गाडी कुडाळपर्यंत पोचली आणि त्याचा मला फोन आला. एजंटानं तिकीट बदललं होतं. दुबई रद्द, दिल्लीहून थेट, पंधरा तासांत टोरंटो! आम्ही खूश. काकांचा चेहरा मात्र उतरला.

“गाडी मागे फिरव म्हणान सांग त्येका.”

“अहो, का?”

“का म्हणजे? देव दुबैक वाट बगीत ऱ्हवतलो!”

आणि खरंच, गाडी मागे आली. नवा नारळ, नवं गाऱ्हाणं. दुबई खोडली, दिल्ली घातली. प्रमोदला विमान मिळालं, पण त्या दिवशी तो मला मामा म्हणायला तयार नव्हता.

गेल्या चतुर्थीला काकांची सुमन चार वर्षांनी आली. तीही टोरंटोलाच असते. काकी गेल्यापासून काका घरात एकटेच. पंधरा दिवस त्यांनी लेकीला सुरमई, कालवं, घावणे असं खाऊ घातलं, की ती हात जोडू लागली. “आता कधी येतलंस?” एवढं मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही.

निघायच्या दिवशी सगळे देवळात जमलो. काकांनी नारळ ठेवला, घसा खाकरला.

“बा देवा म्हाराजा! ह्या तुजा लेकरू टोरंटोसून विमानात बसतला, दिल्लीक उतारतला, थंयसून गोव्याच्या मोपा इमानतळार, आणि मगे गाडयेन घराक…”

आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. ‘व्हय’ म्हणावं की नाही?

सुमन हळूच म्हणाली, “बाबा, उलटा सांगतास तुमी. माका जावचा आसा.”

“माका म्हायत आसा गो,” काका देवाकडेच बघत म्हणाले. आवाज पहिल्यांदाच बारीक होता. “जावची वाट त्या पायलटाक ठावक आसा. देवाक मी येवची सांगतंय.”