गप्प बसा, शिरा करते

जवाहर नगरातल्या घरी, ओट्याशेजारी खुर्ची टाकून, प्रणिताने बाबांच्या बोळक्याचं माप घेतानाचा व्हिडिओ केला. ती जयपूरच्या एका दंत महाविद्यालयात कवळ्या करायला शिकवायची. यंदा तिने वर्गच उलटा करायचं ठरवलं होतं. धडा मुलांनी घरी बघायचा, वर्गात फक्त हात चालवायचे.

विभागप्रमुख शेखावत सरांचा जीव मात्र आपल्या पिवळ्या पडलेल्या नोट्समध्ये. "एक घंटा देता हूँ, प्रणिताजी," ते म्हणाले. "बिगड़ा, तो सोमवार से फिर मेरा लेक्चर."

बिघडायचं काही कारणच नव्हतं. व्हिडिओत खोट होती ती एकच. गुलाबी लगद्याचा ट्रे बाबांच्या तोंडात बसवला आणि नेमका कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊ लागला. लगदा घट्ट होईपर्यंत ट्रेवरचा हात काढायचा नसतो. तिने काढला. बाबा "ऊं ऊं" करायला लागले, तशी ती जाता जाता म्हणाली, "गप्प बसा, शिरा करते."

बाबांना गप्प करायचं आईचं हे हुकमी वाक्य. आई गेल्यापासून घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं, आणि शिराही झाला नव्हता. तेवढा तुकडा कापायला प्रणिताचा हात धजेना. शिवाय मुलं तिथपर्यंत बघणारच नाहीत, याची शिक्षक म्हणून तिला पक्की खात्री होती.

मुलांनी दगा दिला. सगळा बघितला.

वर्गात चार खुर्च्यांत चार बोळकी आ वासून बसली होती. शेखावत सर दारात, हाताची घडी घालून. लगदा एकही गुठळी न होता कालवला गेला, ट्रे अलगद बसले. प्रणिताने ऐटीत दाराकडे पाहिलं. तेवढ्यात चारही विद्यार्थ्यांनी ट्रेवरचे हात काढले आणि एका सुरात म्हणाले, "गप्प बसा, शिरा करते!" त्यांच्यातला निहारसुद्धा, मुलगा असून, "करते"च म्हणाला. मग चौघं रांगेने बाहेर.

"अरे, किधर चले?"

"मॅम, आप भी तो गई थीं," कीर्ती गोंधळून म्हणाली.

"मैं कुकर बंद करने गई थी!"

"हाँ मॅम. यहाँ कुकर नहीं है, तो हम कॉरिडॉर की लाइट बंद कर रहे हैं."

पेशंटना त्या वाक्यातला एकच शब्द कळला होता. राजस्थानातही शिऱ्याला सीराच म्हणतात. तिघं आशेने तोंड मिटून बसले. चौथ्या, साफेवाल्या आजोबांना धीर निघेना. तोंडाबाहेर ट्रेचा दांडा मिरवत ते उठले आणि त्यांनी थेट शेखावत सरांचा कोट धरला. सरांच्या टायवर लाळेची धार लागली.

"हिलना मत!" सर गरजले आणि कित्येक वर्षांनी त्यांनी स्वतःच्या बोटांनी ट्रे दाबून धरला. "अरे, देखते क्या हो? पकड़ो सब!" पोरं धावली.

ट्रे निघाले. तीन मापं बरी, सरांचं सुरेख. ते स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले.

"बरसों लेक्चर दिए, किसी को एक लाइन याद नहीं," हात पुसत ते म्हणाले. "आपका तो कुकर तक याद रखा. चालू रखिए. बस, कुकर काट दीजिए."

तोंड मोकळं झालेल्या साफेवाल्यांनी विचारलं, "और सीरा?"

संध्याकाळी प्रणिताने मोठी कढई काढली.

"एवढा रवा?" बाबा म्हणाले.

"चौघं पेशंट आहेत. शिवाय सर."

"म्हणजे आता तो तुकडा कापणार तू."

"कुकर कापते. तुमचं 'ऊं ऊं' आणि शिरा राहणार."

बाबा कढईत डोकावले. "तुझी आई तूप जरा..."

"गप्प बसा," प्रणिता म्हणाली आणि आणखी एक पळी तूप सोडलं.