कानाचं प्रमाणपत्र

स्मार्ट नळ बसवणाऱ्या प्रत्येक प्लंबरने स्वतःचा दायित्व विमा उतरवलाच पाहिजे असा नियम झाला, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं. नळ आता फोनवरून उघडत होते. भिंतीत पाणी झिरपलं तर आतला सेन्सर मालकाला निरोप धाडत होता. एवढ्या शहाण्या यंत्रणेला हात लावणारा माणूस चुकला तर भरपाई कोण देणार? म्हणून विमा. ज्याच्याकडे विमा नाही त्याला इमारतीच्या फाटकातूनच परत पाठवायचं असं ठरलं.

कानकाकांना पस्तीस वर्षांत कुणी फाटकात अडवलं नव्हतं. गळती शोधायची त्यांची रीत साधी होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि घरातल्या सगळ्यांना गप्प बसवायचं. मिनिटभराने ते भिंतीवर खडूने फुली मारत. फुलीखाली पाणी निघायचंच. खरं नाव मागे पडलं आणि कानकाका उरलं, ते यामुळे.

विम्याचा अर्ज त्यांच्या मुलीने भरायला घेतला. ती शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे घरातला प्रत्येक कागद आपसूक तिच्या गळ्यात पडे. अर्ज एकोणीस पानांचा होता. अकराव्या पानावर रकाना होता : गळती शोधण्याचे उपकरण.

"काय लिहू, बाबा?"

"कान लिही."

"अहो, उपकरण विचारतायत."

"मग स्क्रूड्रायव्हर लिही. पण त्याला ऐकू येत नाही, हेही लिही. उगाच खोटं नको."

तिने खरं ते लिहिलं, आणि इथेच सगळं फसलं.

आठवड्याच्या आत विमा कंपनीचं पत्र आलं. 'आपण घोषित केलेल्या उपकरणाचे (कान, नग दोन) अचूकता प्रमाणपत्र जोडलेले नाही. उत्पादनाचे वर्षही नमूद करावे.' मुलीने जन्मदाखला जोडला आणि वडिलांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हेडफोन चढवून नाना प्रकारच्या शिट्ट्या ऐकवल्या आणि उजवा कान साठ टक्के, डावा पंचावन्न टक्के असा अहवाल लिहिला.

"पण मला भिंतीतलं पाणी ऐकू येतं," काका म्हणाले.

"ते आमच्या यंत्रात येत नाही," डॉक्टर म्हणाले. मग दार लोटून घेत हळूच म्हणाले, "आलाच आहात तर जरा बेसिनमागे कान लावता का? कुठेतरी झिरपतंय."

अहवाल पोचला तसं दुसरं पत्र आलं. 'सदर उपकरण मूळ क्षमतेपेक्षा कमी चालत असल्याने ते तात्काळ सेवेतून काढून टाकावे व तसे छायाचित्र पाठवावे.' हे वाचल्यावर बापलेक थेट कंपनीच्या कचेरीत गेले.

"काढून टाकायचे म्हणजे कापायचे का, साहेब?" काकांनी विचारलं.

"छे छे, काका," विमा अधिकारी मनापासून दुखावला. "आम्ही काय कसाई आहोत? कान तुमचे तुमच्याकडेच ठेवा. फक्त वापरू नका. गळती आहे की नाही, ते सेन्सर ठरवेल. त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे."

"आणि तो चुकला तर?"

"प्रमाणपत्र असलेली गोष्ट चुकत नाही, काका. ती सांगेल तेच खरं धरायचं."

त्याने हमीपत्र पुढे सरकवलं. 'मी कामाच्या ठिकाणी ऐकणार नाही.' सोबत कंपनीतर्फे कानात घालायचे केशरी बोळे, लांबूनही दिसावेत असे, एका दोरीला बांधलेले.

"बाबा, सही नका करू," मुलगी म्हणाली.

"तीन आठवडे हत्यारांची पिशवी घरात पडून आहे गं. भिंतीपर्यंत पोचलोच नाही, तर कान काय चाटायचाय?"

त्यांनी सही केली.

पहिलंच बोलावणं आलं ते बाईंकडून. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, काकांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या घरात काकांनी आजवर तीन फुल्या मारल्या होत्या आणि तिन्ही खऱ्या निघाल्या होत्या. पुस्तकांच्या कपाटामागची भिंत फुगली होती. रंगाचे पोपडे सुटले होते. फोनवर हिरव्या अक्षरांत लिहून आलं होतं : कोरडे.

"ते बोळे काढा बघू," बाई म्हणाल्या. "माझा त्या फोनवर काडीचा विश्वास नाही. तुमच्या कानावर आहे."

काकांना बरं वाटलं. त्यांनी बोळे काढले, स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. बाईंनी पंखासुद्धा बंद केला. आत पाणी बारीक धारेने, अगदी निवांत चाललं होतं. काकांनी फुली मारली.

"इथे फोडावं लागेल. आजच. उद्यापर्यंत खालच्यांचं छत तग धरेल की नाही, सांगता येत नाही."

"फोडा की." मग बाई थांबल्या. "पण काही बिघडलं तर विमा भरून देईल ना?"

"सेन्सर कोरडं म्हणतोय. कानाच्या भरवशावर फोडलं तर नाही देणार."

बाईंनी ओलं फडकं आणलं आणि फुली स्वच्छ पुसली.

"विश्वास आहेच हो तुमच्यावर," त्या म्हणाल्या. "कपाट तेवढं वीतभर डावीकडे सरकवून द्याल का? पोपडे दिसतात."

काकांनी कपाट सरकवलं. बाईंनी तिथल्या तिथे फोनवर त्यांना पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, 'विमाधारक, नम्र, तोडफोड करत नाहीत.'

जिना उतरताना दोन्ही बाजूंच्या भिंतींतून पाणी चालल्याचं काकांना स्वच्छ ऐकू येत होतं. दुसऱ्या मजल्यावर थांबून त्यांनी बोळे कानात घातले. पहिल्या मजल्यावर आणखी आत दाबले.

हल्ली त्यांना कामाला उसंत नाही. तुमच्याही भिंतीला ओल आली असेल, तर अवश्य बोलवा. दार उघडल्यावर तुम्ही पहिला प्रश्न कुठला विचाराल, हे ओळखायला त्यांना कान लागत नाहीत. विमापत्र ते हातात धरूनच येतात.