हेडफोनातली टिकटिक

"हेडफोनात काहीतरी वाजतंय," तपासनीस म्हणाला.

"हेडफोनात वाजायलाच हवं. त्यासाठीच आणलेत ना?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"गाणं नाही गं. गाण्याच्या मागे. टिक. मग जरा थांबून टिक-टिक."

बायको पुन्हा कामाला लागली. नवऱ्याला एखादी खोट सापडली की दिवसाचं काय होतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तो विमा कंपनीत दावे तपासायचा. दुसऱ्यांच्या जळक्या दुकानांत आणि ठोकलेल्या गाड्यांत खोट शोधायची, हेच आयुष्यभर केल्यामुळे त्याला धडधाकट वस्तूही संशयित वाटे. अख्खी इमारत त्याला तपासनीस म्हणे, आणि रागावली की बायकोसुद्धा. स्वस्थ बसणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं. बसला की पाय हले, पाय आवरला की बॉलपेनचं बटण वाजू लागे. घरच्यांना या सगळ्याची इतकी सवय झाली होती की त्यांना ते दिसतही नसे आणि ऐकूही येत नसे.

हे हेडफोन मात्र त्याच्या आयुष्यातली एकमेव चैन. दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून त्यानं कित्येक वर्षं नुसते डोळ्यांनीच ऐकले होते. शेवटी बायको हो म्हणाली, पण अट घालून. "खोट निघाली तर मुदतीत परत करायचे, आणि त्याच पैशांत कपडे धुवायचं मशीन आणायचं." ती मुदत आज, रविवारी, दुकान बंद होताना संपणार होती. तपासनिसाला हेडफोन जिवापाड आवडले होते. त्यांच्यात खोट निघू नये म्हणून त्यानं देव पाण्यात ठेवायचेच काय ते बाकी होते. पण तपासल्याशिवाय राहायचं कसं?

शिवाय संध्याकाळी मेव्हणी येणार होती. बायकोची ही थोरली बहीण एके काळी सुरेख गायची. पुढे घसा बसला तो बसलाच. तिचं एकच गाणं शिल्लक होतं, कॉलेजच्या हॉलमध्ये बायकोनं मांडीवर रेकॉर्डर ठेवून टिपलेलं. लेकीनं त्या जुन्या कॅसेटवरून ते लॅपटॉपवर उतरवून दिलं होतं. "ताई, तुम्ही स्वतःला असं कधी ऐकलंच नसेल," असं तपासनिसानं फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. आणि आता नेमकी त्याच गाण्यात टिकटिक.

त्यानं दुकानदाराला फोन लावला.

"साहेब, हे उघड्या पाठीचे हेडफोन आहेत," दुकानदार म्हणाला. "वाट्यांना मागून जाळी असते. त्यामुळे आवाज मोकळा येतो, पण बाहेरचंही आत शिरतं. घरातच काहीतरी वाजत असणार. शोधा."

तपासनिसाला 'शोधा' म्हणणं म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. त्यानं आधी स्वतःपासून सुरुवात केली, कारण तपास निःपक्षपाती हवा. पेन खिशातून काढून टेबलावर ठेवलं, दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि गाणं लावलं. टिक. टिक-टिक.

"मी निर्दोष आहे," त्यानं जाहीर केलं.

मग भिंतीवरचं घड्याळ खाली आलं आणि त्याचा सेल निघाला. टिकटिक चालूच. मग त्याची नजर फ्रिजकडे गेली. फ्रिज मधूनमधून कुरकुरे, आणि तपासात कुरकुरणाऱ्या माणसावर पहिला संशय घ्यायचा, हा त्याचा नियम होता. त्यानं गुपचूप बटण बंद केलं. आत बायकोनं बहिणीसाठी जमायला ठेवलेलं पुडिंग होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सत्यापुढे पुडिंगची काय कथा!

टिकटिक थांबली नाही. तेव्हा त्याला वरच्या मजल्यावरचा शिंपी आठवला. रविवारीही त्याचं मशीन चाले. तपासनीस चपलासुद्धा न घालता जिना चढला.

"मास्तर, जरा वेळ मशीन बंद ठेवता का?"

"का हो साहेब? काय झालं?"

"घरात एक आवाज येतोय. तुमचा आहे का, ते बघायचंय."

"अहो, आत गिऱ्हाईक बसलंय. त्याची पँट माझ्या मशीनवर आहे आणि त्याला लग्नाला जायचंय. गुंडाळलेल्या टॉवेलवर जाईल का तो?"

"एक गाणं होईपर्यंतच. तुम्हीही दमला असाल."

शिंपी भिडस्त माणूस. त्यानं पाय उचलला. खाली येऊन तपासनिसानं कान लावले. टिक. टिक-टिक. शिंपीही निर्दोष होता, पण तसं त्याला वर जाऊन सांगायचं मात्र तपासनिसाच्या डोक्यातून साफ गेलं.

आता राहिली होती वीज. कुठलीतरी तार, कुठलातरी पंखा, दारावरची बेल, काहीही असू शकेल. एकेक बटण तपासत बसण्यापेक्षा मेन स्विचच खाली ओढणं शास्त्रशुद्ध, असं त्याच्या मनानं घेतलं. लॅपटॉप काय, बॅटरीवर चालतो. त्यानं स्विच ओढला.

आतल्या खोलीतून लेक बाहेर आली. तिची ऑफिसची तातडीची मीटिंग चालू होती.

"बाबा! वीज गेली?"

"गेली नाही, मी घालवली."

"मी वरच्या साहेबांना हिशेब समजावून सांगत होते! माझं तोंड उघडं असतानाच सगळं बंद पडलं. त्यांच्या स्क्रीनवर मी अजून तशीच असेन, आ वासून!"

"एवढं गाणं ऐकू दे. खोट सापडत आलीये."

"दुसरं गाणं लावून बघितलंत का?"

"तपासात नमुना बदलायचा नसतो," तपासनीस शांतपणे म्हणाला. "आणि हे गाणं साधं आहे का? याच कार्यक्रमात तुझ्या आईनं पहिल्यांदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी समेवर अशी काही दाद दिली की समोरच्या रांगेतल्या मुलीला मान वळवावीच लागली."

ही हकिगत लेकीला तोंडपाठ होती. स्वयंपाकघरात एक पातेलं जरा जोरातच ओट्यावर आदळलं.

"अहो, फ्रिज कधीपासून बंद आहे?" बायको दारात आली. तिच्या हातात पुडिंगचं भांडं होतं आणि भांडं हलवलं की पुडिंग खुशाल काठापर्यंत लाटा मारत होतं. "हे ताईला काय पेल्यातून पाजू?"

"रात्रीपर्यंत जमेल गं."

"ताई रात्री येणार आहे का? आत्ता येईल ती! किती वाजले बघा." तिनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर नुसता खिळा होता.

तपासनीस आता घायकुतीला आला. दुकान बंद व्हायला फार वेळ नव्हता. उरला होता जिन्यातला आवाज. त्यानं पलंगावरची गादी ओढत आणली, बाहेरच्या दाराला उभी टेकवली आणि आपण खुर्ची घेऊन तिला पाठ लावून बसला. डोळे मिटले. हेडफोन चढवले.

बाहेर मेव्हणी येऊन उभी होती. तिनं बेल दाबली, वीज नव्हती. दार ठोठावलं, गादीनं ते गिळून टाकलं. फोन केला, तर बहिणीचा फोन चार्जिंगला लावलेला असतानाच मान टाकून पडलेला. घाबरून ती वरच्या मजल्यावर गेली. तिथे शिंपी मशीनवर पाय आवरून बसला होता आणि टॉवेलमधलं गिऱ्हाईक येरझाऱ्या घालत होतं.

"खाली कुणी दार उघडत नाही हो!"

"आत साहेब आहेत ना! मलाही गप्प बसवून गेलेत," शिंपी उठला. "त्यांना कसला तरी आवाज येतोय म्हणत होते. बरं नाही वाटतं त्यांना."

लेक मोबाइलवरून साहेबांची माफी मागत होती, बायको पुडिंगला बर्फ शोधत होती, आणि तेवढ्यात शिंप्यानं हळूच मूठ फिरवून दाराला खांदा दिला. दाराला नुसता खटकाच होता. दार उघडलं, गादी आडवी झाली, आणि गादीखाली तपासनीस. मेव्हणी किंचाळली. गादीच्या कडेनं एक हात बाहेर आला आणि त्यानं सगळ्यांना गप्प राहायची खूण केली.

"ऐका! अजूनही येतोय!"

त्याला बाहेर काढलं तेव्हा हेडफोन त्याच्या छातीशी सुखरूप होते. त्याच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं, आणि ते गादीमुळे नव्हतं.

"घरात काहीच वाजत नाहीये," तो म्हणाला. "खोट हेडफोनातच आहे. परत करून येतो. ताई, माफ करा. तुम्हाला चांगलं ऐकवायचं होतं."

तो खोका आणायला उठला. त्याचा तो पडलेला चेहरा बायकोला बघवेना. कपडे धुवायचं मशीन जणू दारात येऊन उभं राहिलं होतं, तरी तिला आनंद झाला नाही.

"द्या इकडे," ती म्हणाली. "मी तरी एकदा ऐकते."

तिनं पहिल्यांदाच हेडफोन कानांवर चढवले. उघड्या पाठीतून गाणं बारीक होऊन खोलीत झिरपू लागलं. मेव्हणी आपलाच तरुण आवाज ऐकत गादीवरच बसली. बायको आधी गंभीर होती. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. मग ती हसायलाच लागली.

"ऐकू येतेय ना टिकटिक?" तपासनिसानं विचारलं.

"येतेय. ओळखीची आहे."

गाणं संपलं, टाळ्या सुरू झाल्या. तपासनीस सवयीनं बंद करायला पुढे झाला. टाळ्यांत काय ऐकायचं, म्हणून तो नेहमी इथेच थांबे. बायकोनं त्याचा हात धरला, हेडफोन काढून त्याच्याच कानांवर ठेवले आणि आवाज एवढा वाढवला की सगळ्यांना ऐकू यावं.

टाळ्या विरल्या. कपड्यांची सळसळ झाली. मग अगदी जवळून एका मुलीचा तापलेला आवाज आला. "अहो, ते पेन आवरा की जरा! मघापासून नुसतं टिकटिक, टिकटिक! माझ्या ताईचं अख्खं गाणं नासवलंत!"

आणि मागून एका मुलाचा आवाज, ओशाळलेला, पण तपासणारा. "सॉरी हं. पण तुमच्या रेकॉर्डरचा लाल दिवा मंद झालाय. सेल बदलून घ्या."

सगळ्यांच्या नजरा तपासनिसाकडे वळल्या. शिंपी लगबगीनं वर निघून गेला, कारण त्याला हसू आवरेना आणि गिऱ्हाईकाची पँटही आठवली.

"म्हणजे ती दाद..." लेक म्हणाली.

"हीच ती दाद," बायको म्हणाली. "इतकी वर्षं मी काही बोलले नाही."

तपासनिसानं हेडफोन हळूच काढले. काय करावं ते न सुचून त्याचा हात टेबलाकडे गेला.

"मग... दुकान उघडं असेल अजून," तो चाचरत म्हणाला. "परत करायचे का?"

"कशाला? हेडफोनात काही खोट नाही," बायकोनं ते त्याच्या हातातून घेतले आणि बहिणीच्या कानांवर नीट बसवले. "खोट आहे ती माझ्या पदरात, आणि ती परत करायची मुदत केव्हाच टळून गेली. जा, मेन स्विच लावा आधी."

तो गेला. जाता जाता वाजलंच, टिक.