पावेल येतो

केरीच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर प्रभावतीची भाड्याने द्यायची खोली आहे. एक म्हणजे एकच. पण ती तिला 'आमचं गेस्ट हाउस' म्हणते (ज्याला हसायचं असेल त्याने तिच्या तोंडावर हसून दाखवावं). शेजारच्या सरस्वतीचीही तशीच एक खोली. सरस्वतीची भरलेली असते, प्रभावतीची वाट बघत असते.

दिवाळी सरली आणि एक गोरं जोडपं पाठीवर बोचकी घेऊन थेट प्रभावतीच्या दारात उभं राहिलं. बाई गोड हसून म्हणाली, "इज द रूम फ्री?"

प्रभावती मराठी चौथी पास. पण 'फ्री' तिला चांगलं ठाऊक होतं. साबणाच्या वडीबरोबर जो चमचा मिळतो, तो फ्री. आणि यांना खोली फ्री हवी?

"नो फ्री!" ती कडाडली. "नो फ्री! नो फ्री!"

जोडपं दचकलं, सॉरी म्हणालं आणि सरस्वतीच्या अंगणात शिरलं, ते महिनाभर बाहेर पडलं नाही.

लेक सेजल कॉलेजातून आली तेव्हा तिने 'फ्री'चा दुसरा अर्थ सांगितला. भात वाढता वाढता प्रभावतीचा हात थांबला.

"म्हणजे रिकामी?"

"रिकामी, आई."

"मग रिकामी म्हणूक त्यांका काय धाड भरली?"

नवरा कृष्णनाथ हसला. त्याच्या ताटात त्या दिवशी मासा पडला नाही. आणि प्रभावतीने ठरवून टाकलं, इंग्रजी शिकायचं.

सेजलने मोबाइलवर एक जागा उघडून दिली. तिथे जगभरचे लोक परक्या भाषेत चार ओळी लिहितात, आणि ज्यांची ती भाषा ते चुकीवर लाल रेघ ओढून खाली हिरव्या अक्षरात बरोबर काय ते लिहितात. तुम्ही माझं सुधारा, मी तुमचं. हा व्यवहार प्रभावतीला फारच आवडला. लोकांच्या चुका काढायला आजवर तिला उंबरठा ओलांडावा लागत होता.

तिने पहिल्या दिवशी इंग्रजीत लिहिलं, "माय रूम इज गुड. सी इज निअर. माय हजबंड इज ऑल्सो देअर, बट नो प्रॉब्लेम."

खाली कुणीतरी चक्क मराठीत उत्तर दिलं, "वाक्य बरोबर आहे. नवरा बरा आहे काय?"

हा चेक देशातला पावेल. इंग्रजी त्याचं पक्कं होतं, मराठी तो हौसेने शिकत होता. नाव वाचताच प्रभावतीने मोबाइल कपाळाला लावला.

"पावेल! कोण पावेल गो?"

"आई, नाव आहे त्याचं."

"नाव बरां आसा. कधी तरी पावात."

तो पावला तो प्रश्नांच्या रूपाने. एकदा त्याने लिहिलं, "प्रभावतीबाय, तुमच्याकडे पाऊस पडतो. थंडी पडते. ऊनही पडते. अंधार पडतो, स्वप्न पडते, माणूस आजारी पडतो. तुमच्या भाषेत काही उभे राहत नाही काय?"

प्रभावतीला हसूच आवरेना. साठ पावसाळे जवळ आले तरी तिच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मग दिवसभर ती घरात काय काय पडतं ते शोधत हिंडली. विसर पडतो. भर पडते. सवय पडते. नारळाच्या झाडाखाली ती थबकली आणि चार पावलं बाजूला सरकली.

"अवो, आणखी काय पडता?" तिने कृष्णनाथला विचारलं.

"माशांचो भाव तेवढो पडना नाय," तो म्हणाला.

अशी गंमत चालली होती. तोवर पावेलने एकदा निरोप घेताना लिहिलं, "बरे, मी जातो."

प्रभावतीच्या अंगावर काटा आला. तिने जाडजूड लाल रेघ ओढली आणि खाली लिहिलं, "जातो म्हणू नये. जातो तो मेलेला. जिवंत माणूस येतो म्हणतो."

तिथेच नाशिकच्या कुणी श्रद्धा मॅडम लोकांचं मराठी तपासायच्या. त्यांनी लिहिलं, "व्याकरणदृष्ट्या 'जातो' चूक नाही."

"तुमच्या घरात जात असतील," प्रभावतीने ठोकलं. "आमच्यात येतात."

पावेलने दोघींचे आभार मानले आणि लिहिलं, "मला प्रभावतीबायचे पटले. मी येतो." प्रभावतीने त्या ओळीचा फोटो काढून ठेवला आणि सरस्वतीला दाखवला. सरस्वतीला त्यातलं काही कळलं नाही, पण जळायला तेवढंही पुरतं.

पुढे पावेलने तिची खोली सुधारून दिली, म्हणजे खोलीवरची वाक्यं. समुद्र कुठल्या खिडकीतून दिसतो, सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, कढी कशी लागते, सगळं त्याने विचारून घेतलं. आणि एके दिवशी लिहिलं, "प्रभावतीबाय, नवीन नोकरी मिळाली. इथे वेळ कमी पडतो. सोमवारी मी येतो."

प्रभावतीने तीनदा वाचलं. 'कमी पडतो' अगदी बरोबर. एकही लाल रेघ नाही.

"सेजल! पावेल येता!"

"कुठे?"

"खंय म्हणजे? हंय! नोकरी लागली, पैसे आले, तिकीट काढलां!"

"आई, नीट विचार त्याला."

तिने विचारलं. मराठीतच विचारलं, मास्तरीण होती ना. "नक्की येतोस?"

उत्तर आलं, "नक्की येतो. वाईट वाटते."

"वाईट कित्याक वाटता त्याका?" कृष्णनाथ म्हणाला.

"आमका तरास नको म्हणून. चांगल्या घरातलो आसा तो."

मग काय! खोलीला चुना लागला. म्हापशाहून नव्या चादरी आल्या, उशा आल्या. पदेराला रोजचे चार जास्तीचे पाव सांगितले गेले. तेरेखोलपासून पेडण्याच्या बाजारापर्यंत, फेरीबोटीवर भेटेल त्या माणसाला कळलं की प्रभावतीकडे विमानातून पाहुणा येतोय. सरस्वतीला तर ते दोनदा कळलं.

सोमवारी सकाळीच कृष्णनाथ मोपाच्या विमानतळावर जाऊन उभा राहिला. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर प्रभावतीच्या ठसठशीत अक्षरात 'पावेल'. लेकाला घ्यायला आलेली एक म्हातारी बराच वेळ त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिली.

"खंयचो देव ओ?"

"येवचो आसा," कृष्णनाथ म्हणाला.

"विमानातून?"

"होय."

म्हातारीने केसातली अबोली काढून त्याच्या पायाशी ठेवली आणि हात जोडले.

इकडे घरी दुपारी एक नवं जोडपं दारात आलं. "इज द रूम फ्री?"

आता ही काही जुनी प्रभावती नव्हती. मान किंचित वाकवून, पावेलने सुधारलेल्या इंग्रजीत ती म्हणाली, "आय अ‍ॅम सो सॉरी. इट इज नॉट फ्री. अ जंटलमन इज अरायव्हिंग टुडे."

जोडपं तिच्या इंग्रजीवर खूश झालं. किती सुंदर बोलता, म्हणालं. आणि सरस्वतीकडे गेलं.

उन्हं उतरल्यावर कृष्णनाथ परतला. एका हातात पुठ्ठा, दुसऱ्या हातात अबोली.

"मोपाक नाय पावलो," तो म्हणाला.

सेजलने सरळ इंग्रजीत पावेलला विचारलं. उत्तर मराठीत आलं. "मी माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी तुमचा निरोप घेतला होता. तुम्ही शिकवले, जिवंत माणूस येतो." खाली आणखी एक ओळ होती. "क्षमा करा, पण मग तुमच्याकडे खरोखर येणारा माणूस काय म्हणतो?"

प्रभावती रागावणारच होती, पण प्रश्न असा होता की राग बाजूलाच राहिला. जाणारा येतो म्हणतो. येणाराही येतो म्हणतो. तिने दोन्ही तोंडातल्या तोंडात म्हणून बघितले. पुन्हा म्हणून बघितले.

"अवो, खराच, येणारो काय म्हणता?"

कृष्णनाथने विचार केला. "तो काय म्हणना नाय. तो नको तेव्हा येऊन बसता."

श्रद्धा मॅडमनी खाली नुसतं एक हसरं तोंड टाकलं होतं.

एवढ्यात कुंपणापलीकडून सरस्वतीची हाक आली. "गे प्रभावती! माझ्याकडचे पावणे काय बोलतत ता माका कळना नाय. जरा येऊन सांग गे! आणि चादरी आसत तर घेऊन ये, माझ्यो धुवूक घातल्यो."

प्रभावती गेली. चादरी घेऊन गेली, उशाही घेऊन गेली, कारण रिकाम्या खोलीतल्या नव्या उशांकडे तिला बघवत नव्हतं. गरम पाणी कधी, कढीत तिखट किती, कुठली लाट धोक्याची, सगळं तिने तिथे उभं राहून इकडचं तिकडे केलं. जोडपं आठवडाभर राहिलं आणि ती आठवडाभर कुंपण ओलांडत राहिली. खोटं कशाला सांगा, तिला ते आवडलं.

पाहुणे गेले आणि सरस्वती मोबाइल नाचवत आली. "त्यांनी माझ्या खोलीवर कायतरी लिवलाहा. वाच गे, तुका येता मां!"

प्रभावतीने ऐटीत चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, "'लव्हली रूम. द ओनर इज व्हेरी काइंड. हर मेड स्पीक्स एक्सलंट इंग्लिश.'"

वाचून झाल्यावर तिला कळलं आपण काय वाचलं ते.

"मेड म्हणजे काय गे?" सरस्वतीने विचारलं.

पापणीसुद्धा न हलवता प्रभावती म्हणाली, "शेजारीण."

सरस्वतीचे डोळे भरून आले. लिहिणाऱ्यांनी शेजारणीचीही आठवण ठेवली म्हणून. तेव्हापासून तिच्याकडे गोरा पाहुणा आला की ती आधी प्रभावतीला हाताला धरून ओढत आणते, तिच्या गळ्यात हात टाकते आणि अभिमानाने सांगते, "माय मेड! ट्वेंटी इयर्स, सेम मेड!"